पांझरेकाठचा शेतकरी

"अहो, बागेच्या जागेत खरबुजं कोणी लावलीत हो?" द्वारकाने भाकरी वाढता वाढता विचारले.

रतिलालचा घास हातातच राहिला. तो गावच्या म्युनिसिपालिटीत ओव्हरसियर होता, आणि पांझरेकाठची ती वाळूची जागा सार्वजनिक बागेसाठी घ्यावी हा अर्ज त्याचाच. म्हणजे सही त्याची, मजकूर बी. ए. झालेल्या द्वारकाचा. दीड वर्षाच्या छगनला खेळायला तिला अशी जागा हवी होती, जिथे गाड्या येत नाहीत, विहीर नाही आणि विंचू निघालाच तर लांबून दिसेल. "जागा संपूर्ण पडीक, कोणाचीही वहिवाट नाही," असे तिने अर्जात दोनदा लिहिले होते. ते खरे की खोटे हे पाहायला परवा धुळ्याहून मामलेदार यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे छगनला घेऊन नदीवर गेले. वेल चांगले हातभर पसरले होते, भोवती काट्यांचे कुंपण होते, आणि मधोमध एक बुजगावणे उभे होते. रतिलाल वेल उपटायला वाकला, तशी शेजारी भाजीची वाडी करणारी धुरपदाबाई कोयता घेऊनच उठली.

"हात नको लावू, भाऊ. नदीमा ज्यानी बी टाकं, त्याना येल. पूर येस तोपावत कोनी उपटत नही."

पूर येईपर्यंत वेल पेरणाऱ्याचा, ही काठावरची रीतच. मग हे कोणाचे, असे त्याने विचारले. ते तिलाही ठाऊक नव्हते. परक्याचे पीक डोळ्यांदेखत वाळू द्यायचे नाही म्हणून तिने पाणी घातले, शेण घातले, कुंपण केले. मालक आला की तो सांभाळेल, एवढेच.

द्वारकाचे कुतूहल मात्र वाढतच चालले. कोणी शेतकरी एवढा गचाळ पेरतो? ओळ नाही, अंतर नाही. सगळे वेल एका दगडाभोवती दाटीवाटीने. ती विचार करायला नेहमीच्या दगडावर बसली, आणि बसली तशी ताडकन उठली.

फाल्गुनात पहिली खरबुजे बाजारात आली, तेव्हापासून माहेरी जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी याच दगडावर बसून छगनला फोड भरवत होती. बी दिसली की छगन ती नाकात घालायचा. म्हणून प्रत्येक बी वेचून वाळूत पुरली जाई.

नवऱ्याला सांगायचे तिने रात्रीवर ढकलले, रात्रीचे सकाळवर. सकाळी मामलेदारच आले.

त्यांनी वेल पाहिले, कुंपण पाहिले आणि बुजगावण्यासमोर येऊन थांबले. त्याच्या अंगात म्युनिसिपालिटीचा पितळी बटणांचा जुना कोट होता. द्वारकानेच तो संक्रांतीला धुरपदाबाईला दिला होता. मामलेदारांनी बुजगावण्याची बटणे पाहिली, मग रतिलालची.

"ओव्हरसियर, सरकारी जागेत शेती करता, आणि वर ती पडीक म्हणून अर्ज लिहिता?"

रतिलाल आपल्या कोटाची बटणे हाताने झाकू लागला. नोकरी डोळ्यांसमोरून चाललेली द्वारकाला स्पष्ट दिसली. ती छगनला कडेवर घेऊन पुढे झाली.

"साहेब, यांना काही माहीत नाही. बिया आम्ही पुरल्या. हा नाकात घालतो म्हणून."

"आम्ही म्हणजे कोण?"

द्वारका खोटे बोलू शकली असती. "खड्डा मी करायचे. बी हाच टाकायचा. त्याशिवाय पुढची फोड खात नाही."

"मंग झालं," धुरपदाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "येल पोरना शे."

मामलेदारांनी पोराचे नाव आणि वय विचारले. मग पंचनाम्यात लिहिले: वहिवाटदार छगन, वय दीड वर्ष. पीक निघाल्यावर जागा बागेसाठी घेण्यास हरकत नाही.

ही बातमी गावभर झाली. दीड वर्षाचा शेतकरी पाहायला माणसे संध्याकाळी नदीवर येऊ लागली. कोणी सतरंजी आणली, कोणी शेंगदाणे. खरबुजे पिकली तेव्हा मामलेदारही मुद्दाम आले, आणि छगनच्या हातून पहिली फोड त्यांनाच मिळाली.

द्वारका इकडे सैरभैर झाली होती. तीसेक माणसे खात होती आणि बिया चारी दिशांना उडत होत्या; एकेक बी म्हणजे बागेच्या जागेवर नवा वहिवाटदार. ती ओच्यात बिया वेचत मामलेदारांपर्यंत पोचली, तर ते धोतर सावरून वाळूत उकिडवे बसलेले. समोर छगनने बोटाने खड्डा केला होता.

"टाकल्याशिवाय दुसरी फोड देत नाही हो हा," मामलेदार ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी मूठ उघडली.