उमाबाईसाहेबांची बर्फावरील स्वारी

कुलस्वामिनी प्रसन्न. पौषमासी, ऐन थंडीत, मुकुंदवाडी मुक्कामी राजश्री मुकुंदराव यांचे कुटुंब, अखंडसौभाग्यवती उमाबाईसाहेब यांणी सातासमुद्रापलीकडील हिमवादळासी जी लढाई दिली, तिची हकीकत लिहितो. श्रोत्यांनी कानटोपी सारून सावध ऐकावे.

चिरंजीव मंदारराव अमेरिकेच्या उत्तर मुलखी, बफेलो शहरी चाकरीस. समागमे सूनबाई श्रेया आणि तान्ही नात संस्कृती. तेथील हिवाळा त्यांसी पहिलाच. इतक्यात खबर आली जे, बर्फ आणि वारा एकवट होऊन गनीम चालोन येतो. मग बाईसाहेबांचा जीव थाऱ्यावर राहिना, आणि त्यांणी मोबाइल हाती धरून मोहिमेचा कुल अखत्यार आपणांकडे घेतला. बर्फ त्यांसी फ्रिजातला तेवढा ठाऊक. परंतु ज्या मुकुंदवाडीस नळ आठवड्याने येतो आणि आला म्हणेतो जातो, तेथे उभा संसार केलेला, सबब पाण्याचे मसलतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हुकूम सुटला जे, वाटीपावेतो सगळी भांडी भरावी, आणि घरात पसारा नको म्हणोन वहिवाटीप्रमाणे ग्यालरीत मांडावी. येथे नळ चोवीस तास असतो, ऐसी मंदाररावांनी दरखास्त केली, ती नामंजूर जाहली.

मग गनीम आला. वाऱ्याने खिडक्या थरारिल्या, दारे बर्फाने लिंपली, वीज गेली, आणि चोवीस तासांचा नळ गोठोन मुका जाहला. दुसरे दिवशी मुकुंदवाडीस सकाळ होते तोच मंदाररावांचा व्हिडिओ फोन आला. मागे संस्कृतीबाईंचा आकांत चाललेला. दुधाची भुकटी होती, काडीने पेटणारा गॅस होता, पाणी मात्र नव्हते.

"आई, सगळं दगड झालंय. ग्यालरीत ठेव तूच म्हणालीस ना!"

बाईसाहेबांचा चेहरा खाडकन उतरला. आपलेच फर्मानाने नात उपाशी, हे मनास फार लागले. सूनबाईंनी खालचा बर्फ वितळविण्याची तजवीज सुचविली. त्यावर कुत्री फिरली असतील, ऐसे म्हणोन बाईसाहेबांनी ती फेटाळिली, आणि मग स्वतः सावरून आज्ञा केली:

"बत्ता घे हातात. बादलीतलं फोड आणि पातेल्यात घाल. चुकलं माझं, पण पाणी आपलंच आहे ना?"

मग मंदाररावांनी दुलई पांघरोन ग्यालरीवर हल्ला केला, आणि बत्त्याचे घाव घातले, आणि एक बादली तडकली, आणि बर्फाचे तुकडे पातेल्यात पडले, आणि गॅस भडकला. ऐन रणधुमाळीत शेजारच्या आवडाबाईंनी भिंतीवरून हाक दिली:

"अवं उमाताई, नळ आलाय! लई बारीक हाय, उठा लवकर!"

आजवर या हाकेसरशी बाईसाहेब पूजेवरूनही उठत. परंतु आज जागच्या हलल्या नाहीत. पडद्यावर पाणी उकळले, निवविले, भुकटी कालविली, आणि बाटली संस्कृतीबाईंचे तोंडी गेली. आकांत थांबला. काही वेळाने एक ढेकर आला, तो मुकुंदवाडीपावेतो ऐकू आला, आणि बाईसाहेब रडल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपल्या पक्षाकडील एक बादली आणि मुकुंदवाडीचा त्या आठवड्याचा नळ खर्ची पडला. बाईसाहेबांसी त्याचे यत्किंचित दुःख नाही, ऐसे दप्तरी दाखल असे.