आसनउंचीचा प्रश्न

बांधकाम खात्यातल्या एका निरीक्षकांची उंची खात्याच्या मोटरसायकलला मंजूर नव्हती. गाडीवर बसले की त्यांचे गुडघे कोपरांना लागत. वळताना डावा गुडघा हँडलच्या आड येई, म्हणून ते आधी गुडघा वळवत आणि मग गाडी. ऑफिसात त्यांना सगळे शिडीसाहेब म्हणत.

"गाडी चालवता की तिला कुशीत घेता?" त्यांचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं.

शिडीसाहेबांनी उंच सीटची मागणी केली. खातेप्रमुख गंभीर झाले.

"अडचण सीटची आहे की उंचीची? सीट खात्याची आहे. उंची तुमची खाजगी बाब आहे."

तरीही खातं संवेदनशील असल्यामुळे आसनसुख समिती नेमण्यात आली. तिच्यात तीन अधिकारी होते. तिघेही मोटारीने फिरत असल्यामुळे निःपक्षपाती होते.

समिती सीट शिवणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेली. पहिल्या सीटवर अध्यक्ष बसले आणि घोरू लागले. कामाच्या वेळेत झोप आणणारी म्हणून ती सीट बाद झाली. दुसरी फळीसारखी टणक होती. ती सर्वांना पसंत पडली, कारण तिच्यावर बसलेला माणूस लगेच उठून कामाला लागेल, असं समितीचं मत पडलं. शिडीसाहेबांनी बसून दाखवलं. ते खरंच लगेच उठले.

"बघा, कार्यक्षमता वाढली!" अध्यक्ष म्हणाले.

इतक्यात शिडीसाहेबांची बायको दुकानात शिरली. तिने समितीला नमस्कार केला आणि बाकावर बसकण मारली.

"हे संध्याकाळी गाडीवरून उतरतात ना, तरी बसलेलेच असतात. दारातून तसेच आत येतात. पाठ सरळ करायला मला आणि सासूबाईंना दोन्ही बाजूंनी ओढावं लागतं. उंच सीट मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

जेवणाची वेळ झाली होती. समितीने तत्काळ मानवतावादी भूमिका घेतली.

कारागिराने जाड, रुंद, चांगली वीतभर उंच सीट बसवली. शिडीसाहेब वर चढले आणि त्यांचे पाय चक्क लांब झाले. गुडघ्यांनी कोपरांचा कायमचा निरोप घेतला. पहिल्याच वळणावर ते मोठ्याने गाऊ लागले. सिग्नलवर सगळे हिरव्या दिव्याऐवजी त्यांच्याकडे बघत राहिले. घरी ते सरळ उभे आत शिरले आणि त्यांचं डोकं चौकटीला आपटलं. त्यांच्या आईला आनंदाने रडू आलं.

पण आता शिडीसाहेबांना कुंपणाच्या भिंतींपलीकडचं दिसू लागलं. इतकी वर्षं त्यांनी अहवालात 'भिंत सुस्थितीत' एवढंच लिहिलं होतं. आता त्यांना पार्किंगमधली दुकानं दिसली, आत घेतलेल्या गॅलऱ्या दिसल्या, गच्चीवरच्या खोल्या आणि त्या खोल्यांवरच्याही खोल्या दिसल्या. खातेप्रमुखांच्या बंगल्यामागे तर बांधकाम खात्याला ठाऊक नसलेला आणखी एक बंगला होता. बिचारे आनंदात होते, म्हणून त्यांनी सगळं खरं लिहिलं.

नोटिसा निघाल्या आणि दुसऱ्याच सकाळी नागरिकांचं शिष्टमंडळ खात्यात थडकलं. सीट धोकादायक आहे, संस्कृतीला शोभणारी नाही, शिवाय वाऱ्याला अडवते, असं शिष्टमंडळाने एकमताने सांगितलं. खातेप्रमुखांचे डोळे भरून आले. लोकभावनेपुढे आपण असहाय आहोत, असं म्हणत त्यांनी कारागिराला बोलावलं. सीट कापताना शिडीसाहेब शेजारी उभे होते. "थोडी तरी ठेवा हो," ते हळूच म्हणाले. कारागिराने मान खाली घातली आणि मूळ उंचीपेक्षाही दोन बोटं जास्तच कापली. वरून आदेश होता.

त्या शिष्टमंडळात तुम्हीही होतात. उगाच इकडेतिकडे बघू नका. सगळ्यांत कळवळून तर तुम्हीच बोललात:

"साहेब, आमचं काही नाही हो. इतक्या उंचावरून पडले तर त्यांच्या गुडघ्यांचं काय होईल?"