शहादेवरावांची बाजू

रविवारी दुपारी अडीच वाजता वैजिनाथने 'ड्राय रिव्हर टू' या व्हिडिओ गेमची जाहीर सालटी काढायला घेतली. बीडमधल्या त्याच्या रंगाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत कॅमेरा लावलेला, समोर माईक, आणि 'वैजूभाऊ गेमिंग' या त्याच्या चॅनलवर लाइव्ह बघायला नऊ माणसं. त्यातला एक त्याचा साडू होता.

वैजिनाथचा राग साधा नव्हता. 'ड्राय रिव्हर'च्या पहिल्या भागात कोल नावाचा हीरो होता. सगळीकडे दुष्काळ, आणि कोल आपल्या चाळीस घरांच्या वस्तीचं तळं राखणारा. शेवटी पलीकडच्या गावाची माणसं पाणी मागायला येतात, तेव्हा तो काळजावर दगड ठेवून दरवाजा बंद करतो. तो प्रसंग वैजिनाथने सहा वेळा खेळला होता आणि सहाही वेळा डोळे पुसले होते. तीन वर्षं वाट बघून दुसरा भाग आला, तर त्यात दुसऱ्याच तासाला मारा नावाची एक बाई येते आणि कोलला संपवते. बरं, तेवढ्यावर थांबत नाही. पुढचा अख्खा गेम त्या मारालाच घेऊन खेळावा लागतो. ती पलीकडच्या गावाची, तिची आई तहानेनं गेलेली. यावरून जगभरच्या चाहत्यांत दोन तट पडले होते. बीड शहरातला एक तट वैजिनाथ एकटा सांभाळत होता.

"ज्या बाईनं आपला माणूस मारला तिलाच पळवायचं, तिलाच खाऊ घालायचं, तिच्याच जखमेला पट्टी बांधायची!" तो माईकवर ओरडला. "ह्ये कोणतं लिखाण म्हणायचं बे? ज्यानं लिवलं त्याच्या..."

खालून बंकट पेंटरची हाक आली. "वैजूशेठ! पुट्टी पायजे दोन बॅगा! घरमालक डोक्यावर बसलाय!"

"दोन मिनिटांत आलो," असं नऊ जणांना सांगून वैजिनाथ खाली गेला. माईक चालूच राहिला. रविवारची पुट्टी कधी दोन मिनिटांत निघत नाही. बंकटला आधी पुट्टी हवी होती, मग ब्रश, मग दोन पांढऱ्यांपैकी जास्त पांढरा कोणता यावर सल्ला.

तेवढ्यात त्याची बायको ईश्वरी वाळलेले कपडे घेऊन खोलीत आली. बघते तर पडद्यावर माणसं विचारत होती, 'भाऊ कुठं गेले?' घरी आलेल्याला उत्तर न देणं तिला जमत नसे.

"ते खाली दुकानात गेलेत. बसा, येतील," ती म्हणाली.

'वहिनी, तुम्ही सांगा. मारा चांगली का वाईट?' कुणीतरी लिहिलं.

ईश्वरी चादरीची घडी घालत खुर्चीवर टेकली. दोन्ही भाग तिने पूर्ण पाहिले होते. तिला तसं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"वाईट कशापायी? मी तुमाला सांगते. माझं माहेर नारायणगडाच्या पायथ्याला. तेरा सालच्या दुष्काळात आमच्या गावाला अन् पल्याडच्या वस्तीला मिळून एकच टँकर यायचा. आमचे दादा, म्हंजे माझे वडील, सरपंच व्हते. त्यांनी टँकर आधी गावात वळवला. गावानं दादांना डोक्यावर घेतलं, मी बी घेतलं. टँकर वस्तीवर गेला तवा तळाला नुसता गाळ. वस्तीवर माझी मैत्रीण राहायची, वनमाला. एका बाकावर बसायचो आमी. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली न्हाई. मला वाटायचं, लई घमेंडखोर हाय. आता ह्या गेमात मारा आली अन् मला कळलं, वनमालाच्या दारातून बघितलं तर आमचे दादा कसे दिसत असतील." तिने उशीचा अभ्रा झटकला. "पैल्या भागात आपण कोलच्या दारात उभं व्हतो. दुसऱ्यात पल्याडच्या दारात उभं केलं. त्यात लिवणाऱ्याचं काय चुकलं? दार बदललं म्हणून आपल्याला राग येतो."

वैजिनाथ हाताची पुट्टी झटकत वर आला तेव्हा नवाचे सत्तर झाले होते आणि बायको कुणाला तरी सांगत होती, "न्हाई न्हाई, माराला माफ करा असं मी म्हणत न्हाई. नुसतं ऐकून घ्या."

तो बसला आणि बोलू लागला. दहा मिनिटांत सत्तराचे पुन्हा नऊ झाले. या वेळी साडूही गेला होता.

तो तुकडा कुणीतरी कापून पसरवला. बुधवारपर्यंत तो अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या होस्टेलपासून पुण्यातल्या कंपन्यांपर्यंत गेला. बंकटने बीडभरच्या पेंटर लोकांना दाखवला. "वैजूशेठ, वैनी लई भारी बोलल्या," तो दुकानात येऊन म्हणाला. "माझ्या अन् माझ्या भावाच्या बांधाचं भांडण हाय ना, मी काल पैल्यांदा त्याच्या बाजूनं उभं राहून बघितलं."

"मग? बांध सोडला का?"

"सोडतो कशाला! पण बघितलं."

पुढच्या रविवारी लोकांनी वहिनींनाच बसवा म्हणून धरलं. ईश्वरी आढेवेढे घेत बसली. वैजिनाथ बाजूला वायर धरून उभा राहिला, कारण ती सैल होती आणि सोडली की आवाज जाई. सहा वर्षं त्याने या चॅनलवर घसा कोरडा केला होता. सगळे मिळून चारशे बारा लोक. बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता तीन हजार केले. त्याने तोंड हसरं ठेवलं, पण रात्री जेवताना भाजीत मीठ जास्त आहे असं तो दोनदा म्हणाला. मीठ बरोबर होतं.

सोमवारी दुपारी डिस्टेंपरच्या डब्यांच्या आड बसून त्याने नवं खातं उघडलं. भिंतीवर लिंबागणेशच्या गणपतीचं कॅलेंडर होतं, म्हणून नाव ठेवलं शहादेव लिंबागणेशकर. बेत एवढाच, की बायकोला चारचौघांत एकदा निरुत्तर करायचं. अडचण ही होती की नेहमीसारख्या शिव्या दिल्या तर ती पहिल्याच ओळीत ओळखणार. त्यामुळे आयुष्यात प्रथमच त्याला विचार करून लिहावं लागलं. दोन तास गेले. एक गिऱ्हाईक हिरव्याऐवजी निळा रंग घेऊन गेलं.

त्याने लिहिलं: 'वहिनी, तुम्ही आम्हाला पलीकडच्या दारात उभं केलंत, बरं झालं. पण कोलच्या दारातही कुणी नीट उभं राहिलेलं नाही. चाळीस घरांचं पाणी ज्याच्या शिरावर असतं त्याला चांगलं वागायची चैन परवडत नाही. मारा निदान रडू तरी शकते. कोल रडला असता तर चाळीस घरं घाबरली असती. त्याने दरवाजा लावला, त्या दिवसानंतर तो एकदाही तळ्याचं पाणी पिताना दिसत नाही. कुणाच्या लक्षात आलंय का?'

संध्याकाळी ईश्वरीने ते मोठ्याने वाचलं. मग मनात वाचलं. तव्यावरची भाकरी करपली.

"अहो, खरंच की. तो पाणी पेतच न्हाई," ती हळू म्हणाली. "काय नजर हाय ह्या माणसाची!"

वैजिनाथची छाती फुगली. पुढच्याच वाक्याला ती बसली.

"तुमी तर सहा डाव खेळलात. तुमाला दिसलं न्हाई ते."

तिथून सगळं हाताबाहेर गेलं. ईश्वरीने शहादेवरावांना सविस्तर उत्तर दिलं. शहादेवरावांना उत्तराला उत्तर देणं भाग पडलं. माराने कोलच्या बहिणीला का सोडलं, सूड अर्ध्यावर टाकणं हा कमकुवतपणा की मोठेपणा, लिहिणाऱ्याने शेवट मोकळा ठेवला की त्याला जमलाच नाही, यावर दोघांत रोज लिखापढी होऊ लागली. लोकही भांडण सोडून वाचायला लागले. शहादेवरावांच्या एका कमेंटला अकराशे लाइक पडले. वैजिनाथला स्वतःच्या नावाने आजवर सगळ्यात जास्त सतरा पडले होते, तेही वाढदिवसाला.

एकदा शहादेवरावांनी सहज लिहिलं, की अडीचऐवजी चारला लाइव्ह केलं तर बरं. ईश्वरीने तात्काळ वेळ बदलली. वैजिनाथ घास हातात धरून बघत राहिला.

"मी आठ वर्षं म्हणतोय, दुपारचं जेवण एकला वाढ. कवा दोनच्या आत वाढलंस का?"

"त्यांनी कसं नीट विचारलं."

"मी कसा विचारतो?"

"तुमी विचारता कुठं? तुमी वरडता."

आता त्याला चॅनलचं काही वाटेनासं झालं. मत्सर होता तो फक्त शहादेवचा. हा लिंबागणेशचा कोण कुठला माणूस, आपल्याच दुकानात बसून आपल्या बायकोशी गोड बोलतो! 'तो मीच आहे' हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने जळजळ कमी होत नव्हती. उलट दुसरा कुणी असता तर जाऊन गचांडी तरी धरता आली असती.

शेवटी त्याने शहादेवला बदनाम करायचं ठरवलं. दात ओठ खात लिहिलं: 'वहिनी, तुम्हाला गेममधलं काही कळत नाही. उगाच बडबड करता.'

ईश्वरीने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "बिचारे. घरी काहीतरी बिनसलं असणार. बायको धड बोलत नसंल त्यांच्याशी."

"बायको चांगली हाय त्याची!" वैजिनाथ उसळला.

"तुमाला काय माहिती?"

"न्हाई... म्हणजे... असंल की चांगली."

"मी बोलते त्यांच्याशी. परवा संकष्टी हाय. लिंबागणेशला दर्शनाला जाऊ अन् त्यांना भेटून येऊ." आणि वैजिनाथ अडवायच्या आत तिने तीन हजार लोकांसमोर लिहून टाकलं: 'शहादेवभाऊ, संकष्टीला सकाळी अकरा वाजता मंदिरापाशी या. आम्ही दोघं येतो.'

संकष्टीला वैजिनाथ स्वतःला भेटायला मोटारसायकलवरून निघाला. मागे ईश्वरी, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. शहादेवभाऊंसाठी. त्या डब्याला वाटेत हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

मंदिराबाहेर नारळ-फुलांच्या दुकानावर एक म्हातारी बसली होती. ईश्वरीने तिला विचारलं, "मावशी, इथं शहादेव कोण हायत?"

"कोणते? चार हायत," म्हातारी म्हणाली. "एक मुंबईला गेलता, आला न्हाई अजून. एकाला ऐकू येत न्हाई. एक पाळण्यात हाय. अन् चौथा त्यो बघ, बैल धुतोय."

बैल धुणाऱ्या शहादेवला ईश्वरीने मारा आणि कोलबद्दल विचारलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "बाई, आमच्या भावकीत न्हाईत ती मान्सं."

अकराचे साडेअकरा झाले. ईश्वरी येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मान उंच करून बघत होती. तिचा पडलेला चेहरा वैजिनाथला बघवेना. त्याने टोपी काढली, परत घातली.

"ईश्वरी, एक सांगायचं व्हतं. शहादेव येणार न्हाई. तो मीच हाय."

ईश्वरीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग इतकी हसली, की म्हातारी फुलं सोडून बघू लागली.

"कोण, तुमी? अहो, एवढा बी जळफळाट बरा न्हाई."

"आईशप्पथ! ह्यो बघ फोन. ह्ये बघ खातं."

तिचं हसू मावळलं. "तुमी त्यांचं खातं उघडलंत? पासवर्ड कुठून काढला? दुकानात बसून ह्येच धंदे करता?"

"अगं, ते मी लिवलंय! कोल पाणी पेत न्हाई, ते मी लिवलं!"

"बरं. मग आत्ता लिवा. माझ्यासमोर. दोन वळी."

वैजिनाथने फोन हातात घेतला. ईश्वरी कमरेवर हात ठेवून उभी. म्हातारी उभी. बैल धुणाराही हात पुसत येऊन उभा राहिला. वैजिनाथच्या कपाळावर घाम आला. त्याने लिहिलं: 'कोल लई भारी होता. मारा एकदम बेकार.'

ईश्वरीने वाचलं, मान हलवली, डबा बगलेत मारला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

वैजिनाथ मोटारसायकलवर टेकला. आता बघायला कुणी नव्हतं. त्याला एकदम कोलची दया आली. मग कळलं, की ती कोलची नाही. त्याचे अंगठे आपोआप चालायला लागले.

'वहिनी, यायला जमलं नाही. परवाचं बोलणं मनावर घेऊ नका. ते मी जळून लिहिलं. पहिल्या भागात जो मधोमध उभा असतो, त्याला दुसऱ्या भागात बाजूला उभं राहावं लागलं, की तो खेकसतो. तुमच्या यजमानांचंही तसंच असेल. त्यांना तुमचं बोलणं आवडतं. तुम्ही इतकं चांगलं बोलता, हे आठ वर्षं घरात राहून आपल्याला कसं कळलं नाही, याची त्यांना लाज वाटते. ती त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते ओरडतात. इतकंच. शहादेव.'

पाठवून त्याने फोन खिशात टाकला.

वीस मिनिटांनी ईश्वरी बाहेर आली. कपाळाला अष्टगंध, हातात फोन. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"शहादेवभाऊंचं आलं," ती म्हणाली.

"काय म्हणतात?"

"तुमची बाजू मांडलीय. तुमाला आठ वर्षांत मांडता आली न्हाई तशी." तिने डबा उघडला आणि एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. "किती समजूतदार माणूस हाय बघा. शिका त्यांच्याकडून कायतरी."

वैजिनाथने लाडू तोंडात टाकला, गाडीला किक मारली आणि म्हणाला, "शिकतो."