दहा टक्के घट

देऊळघाटजवळच्या एका गावात गुटखा निर्मूलन दक्षता समिती स्थापन झाली आणि तिचं अध्यक्षपद महादेवरावांकडे आलं. रोज पाच पुड्या खाणारा माणूस म्हणून या विषयातला त्यांचा अनुभव निर्विवाद होता. पुडी तेव्हा दहा रुपयांना मिळायची. सोमवारी लेकीचा, अनुपमाचा, चष्मा आणायचं त्यांनी कबूल केलं होतं. तिला शाळेतला फळा दिसत नव्हता.

सोमवारी धाड पडली. गुटखा विकणाऱ्या उकंडरावांच्या दुकानातला निम्मा माल जप्त झाला. पंचनाम्यावर महादेवरावांनी अध्यक्ष म्हणून सही ठोकली आणि संध्याकाळी तिथंच जाऊन पुडी मागितली.

"वीस रुपये," उकंडराव म्हणाले.

"काऊन हो? सकाळी तं दहाले होती!"

"पंचनाम्यावर सही कोनं केली?"

अध्यक्षांनी पाकीट काढलं. त्यांनी वीस मोजले. घरचं दूध बंद झालं.

दुसऱ्या धाडीत माल आधीपेक्षा कमी सापडला, पण नव्या भावानं त्याची किंमत जास्त भरली, म्हणून धाड घालणाऱ्या पथकाच्या साहेबांचा सत्कार झाला. पुडी चाळीसवर गेली. ताटातलं वरण पातळ झालं आणि चष्मा दिवाळीवर गेला.

"पोरगी आंधळ्यावानी चाचपडून राह्यली," पुष्पाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "थोडं कमी तं करा!"

महादेवराव मनापासून शरमले. त्यांनी रोजची अर्धी पुडी कमी केली. समितीनं तत्काळ नोंद घेतली: भाव चौपट, मागणीत दहा टक्के घट, मोहीम यशस्वी.

इकडे उकंडरावांच्या घरावर माडी चढली. "महादेवराव, पुढची धाड कवा हाय?" ते काळजीनं विचारायचे. "लय दिवस झाले. भाव उतरून राह्यला ना!"

घटीच्या सन्मानार्थ वेशीवर 'गुटखामुक्त गाव' असा फलक लागला. खर्च उकंडरावांनी स्वखुशीनं केला. अनावरणाला साहेबांनी अध्यक्षांच्या लेकीलाच पुढं बोलावलं.

"वाच बेटा, काय लिहिलंय?"

अनुपमानं डोळे बारीक केले, मान वाकडी करून पाहिली. "मले दिसत नाही, साहेब."

चष्म्याचं तिथंच सांगून टाकावं असं महादेवरावांना फार वाटलं, पण तोंडात पुडी होती आणि समारंभात थुंकणं बरं दिसलं नसतं. साहेबांनी मात्र अडचण जागच्या जागी सोडवली. अक्षरं मोठी करावीत, असा आदेश निघाला. रंगाचा खर्च पुन्हा उकंडरावच करणार होते; त्यांना तो झेपावा म्हणून गुरुवारी धाड ठरली.

अनुपमा अजून बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून फळ्यावरचं उतरवून घेते. फलकावरची अक्षरं मात्र आता पुरुषभर उंच आहेत, गाडी न थांबवताही वाचता येतात. त्या रस्त्यानं जाताना आपणही ती वाचली असतील, आणि बरं वाटून पुढं गेला असाल.