उजवा सांधा

मास्तरांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर गेली दोन वर्षं कोणी जेवलं नव्हतं. त्यावर आगगाडी होती. लाकडाच्या भुशाचा डोंगर, पुठ्ठ्याचा बोगदा, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि या सगळ्याला वेढा घालणारे रूळ. मास्तरांची बायको ताट मांडीवर घेऊन जेवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "टेबल आहे हो आमच्याकडे, पण ते रेल्वेनं ताब्यात घेतलंय."

स्टेशन आठ वर्षांच्या नातीनं बनवलं होतं. खडूच्या खोक्याचं, पिवळ्या भिंतींचं, बाकावर बसलेल्या दोन काड्यापेटीच्या माणसांसकट. या स्टेशनात पहिली गाडी तिनं आणायची, असं ठरलं होतं. आणि हे सगळं रविवारच्या आत व्हायला हवं होतं, कारण रविवारी सकाळी ती आईबापांबरोबर परदेशी निघाली होती, ती थेट तीन वर्षांनी परतणार होती. तीन वर्षांनी ती अकरा वर्षांची असेल, आणि अकरा वर्षांच्या मुली आजोबांच्या आगगाडीकडे कशा बघतात हे चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

घोडं अडलं होतं ते एका तुकड्यापाशी. मास्तरांच्या नकाशाप्रमाणे स्टेशन होतं बाजूच्या रुळावर, आणि मोठ्या रुळावरून गाडी तिकडे वळवायची तर मध्ये सांधा हवा. तिथे लागत होता उजवा, म्हणजे गाडी उजवीकडे वळवणारा सांधा. मास्तरांनी तो फोनवरून मागवला. सोमवारी पार्सल आलं. खोक्यावर लिहिलं होतं 'उजवा'. आत होता डावा.

मास्तरांनी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक तरुण आवाज आला.

"सर, डावा आलाय ना? मग उलटा करून लावून बघितलात का?"

"उलटा केला तर रूळ खाली जातील बाळा, आणि गाडी टेबलाच्या पोटातून चालवावी लागेल."

"मग फिरवून?"

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मास्तरांनी आयुष्यात प्रश्न विचारणाऱ्यावर आवाज चढवला नव्हता. ते खुर्चीत नीट सावरून बसले. "तुझ्या पायात बूट आहेत? डाव्या पायातला काढ. हं. आता तो फिरव, उलटा कर, काय हवं ते कर, आणि उजव्या पायात घालून दाखव."

पलीकडे बराच वेळ खुडबुड झाली. मग आवाज उजळला. "अरे हो की! सर, आत्ता कळलं! शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर मी इथे नसतो."

मास्तर खूश झाले. "हुशार आहे पोरगा," ते बायकोला म्हणाले.

"हुशार आहे ना? मग सांधा कधी येतोय?"

सांधा बुधवारी आला. हाही डावाच. फक्त या वेळी तो खोक्यात पालथा घालून पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती : 'ग्राहकाच्या सूचनेनुसार उलटा करून देण्यात येत आहे.'

"याला म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी," बायको म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा फोन लावला. आता एक मुलगी होती.

"परवा जो मुलगा बोलला, त्याला द्या. त्याला सगळं समजलंय."

"ते आता नसतात सर. ते वर गेले."

"अरेरे! कशानं?"

"वरच्या विभागात, सर. ज्यांना वस्तूंची माहिती असते त्यांना आमच्याकडे लगेच वर घेतात."

"आणि वरचा विभाग काय करतो?"

"ते मला नाही माहीत सर. ते ग्राहकांशी बोलत नाहीत."

मास्तरांनी बुटापासून पुन्हा सुरुवात केली. मुलगी पहिल्यापेक्षा तल्लख निघाली. तिनं बूट काढलाच नाही, हातमोज्यावर भागवलं. दहा मिनिटांत तिला डावा, उजवा आणि दोन्हीकडे वळणारा सांधासुद्धा समजला. "फक्त एक फोटो पाठवा सर. वस्तू हातात, शेजारी खोकं, आणि तुमचा चेहरा दिसला पाहिजे. नियम आहे."

चेहरा आणि वस्तू एकाच फोटोत यायला हवी म्हणून नातीनं मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावला. आजोबा, सांधा, खोकं आणि कोपऱ्यात जीभ बाहेर काढलेली ती स्वतः, असा झकास फोटो निघाला. गुरुवारी उत्तर आलं : 'फोटोतील सांधा उजवाच आहे. तक्रार बंद करण्यात आली आहे.'

मास्तरांनी फोटो पाहिला. खरंच उजवा दिसत होता. पुढच्या कॅमेऱ्यानं, आरशात दाखवावं तसं, सगळं जग उलटं केलं होतं.

शुक्रवारी तिसरा आवाज. हातमोज्यावाली मुलगीही वर गेली होती.

"हे बघ," मास्तर म्हणाले. आवाज अजून मऊच होता, पण आता तो मऊ ठेवावा लागत होता. "फोटोतल्या खोक्यावरची अक्षरं वाच. वाचता येतायत?"

"नाही सर. उलटी छापलीयेत."

"शाब्बास. म्हणजे फोटो उलटा आहे. म्हणजे उजवा दिसतोय तो...?"

पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज आला. "सर, आमच्या कुठल्याही खोक्यावर अक्षरं उलटी नसतात. म्हणजे तुमच्याकडचा माल नकली आहे. मी तुमची केस नकली मालाच्या विभागाकडे पाठवली आहे. चौकशी होईपर्यंत तुम्हाला नवीन काही मागवता येणार नाही."

"अहो, पाणी प्या," बायको म्हणाली. मास्तर पाणी प्याले. मग त्यांनी तिसऱ्यालाही समजावलं, अगदी आरसा आणून, आणि तासाभरानं तोही म्हणाला, "आत्ता कळलं सर!" मास्तरांच्या अंगावर काटा आला. हाही आता वर जाणार.

शनिवारी दुपारी मात्र फोन आपणहून आला. सोमवारचा बूटवाला होता.

"सर, ओळखलंत? मी आता प्रशिक्षण प्रमुख झालो. तुमचं बुटाचं उदाहरण आम्ही सगळ्या नव्या लोकांना दाखवतो. तुमच्यासारखं समजावून सांगणारा माणूस मी बघितला नाही, सर!"

"आनंद आहे बाळा. माझा उजवा सांधा तेवढा पाठव. उद्या सकाळी नात जातेय."

"सर, तुमच्यासाठी जीव हजर. पण वरून खाली सांगायची सोय नाहीये. तुम्ही एकदा ग्राहक सेवेला फोन करून बघा ना."

मास्तरांनी पुन्हा फोन केला. रांगेत त्यांचा क्रमांक एकोणिसावा होता. संध्याकाळी सहाला सतराव्या क्रमांकावर ग्राहक सेवा बंद झाली.

रविवारी सकाळी खाली टॅक्सी उभी राहिली. मुलगा बॅगा उतरवत होता, सून पासपोर्ट पुन्हा पुन्हा मोजत होती. नात बूट घालून टेबलापाशी आली. गाडी मोठ्या रुळावर गोल गोल फिरत होती. दर फेरीला ती स्टेशनपासून वीतभर अंतरावरून न थांबता पुढे जायची.

"चुकलं माझं, सोन्या," मास्तर म्हणाले. "स्टेशनात गाडी नाही आणता आली तुला."

"आबा, स्टेशन उचलून मोठ्या रुळाजवळ ठेवायचं ना. चिकटवलंय थोडंच?"

मास्तरांनी बोटानं स्टेशन हलवून बघितलं. "हे... हे तुला कधी सुचलं गं?"

"सोमवारी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. रोज सांगत होते. तू फोनवर असायचास आणि ओठांवर बोट ठेवायचास."

"बाबा, खरंच उशीर होतोय," दारातून मुलगा म्हणाला. नातीनं आजोबांच्या पोटाला घट्ट मिठी मारली आणि जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खाली खाली गेला.

मास्तरांनी स्टेशन उचलून मोठ्या रुळाजवळ ठेवलं. त्याला दहा सेकंद लागले. गाडी डोंगराला वळसा घालून आली, बोगद्यातून बाहेर पडली आणि मास्तरांनी कळ दाबताच पिवळ्या भिंतींसमोर अगदी बरोबर थांबली. बाकावरची दोन माणसं तिच्याकडे बघत होती. मास्तर खिडकीकडे धावले, तोवर टॅक्सी कोपऱ्यावर वळली होती.

 बायको म्हणाली, "आता निदान कळवून तरी टाका त्यांना. सांधा नको म्हणावं. नाहीतर आणखी चार डावे येतील."

मास्तरांनी फोन लावला. रविवारची सकाळ, रांगेत कोणीच नव्हतं. पहिल्याच घंटीला कोवळा, उत्साही, अगदी नवा आवाज आला. मास्तरांनी सांधा नको म्हणून सांगितलं.

"हो सर! सांधा रद्द करायचाय ना? लगेच करते. फक्त मला एक सांगा सर, डावा आणि उजवा यात नेमका फरक काय असतो?"

मास्तरांनी सवयीनं खुर्ची पुढे ओढली, तोंड उघडलं, आणि समोरच्या स्टेशनाकडे बघत फोन खाली ठेवून दिला.