साळव्यांच्या घरची तिसरी मेणबत्ती

शांतवन साळव्यांनी घराची किल्ली प्रतापराव जगदाळ्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली. एवढ्या मायेने कुणी काही दिलं की त्यामागे काम असतं, हे प्रतापरावांना बावन्न वर्षांच्या आयुष्यात कळून चुकलं होतं.

“फक्त चार रविवार, भिया,” साळवे म्हणाले.

मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. सरकार हललं की फायली हलत, फायलींमागे कारकून आणि कारकुनांमागे त्यांच्या वळकट्या. साळवे यंदाच सचिवालयात गेले होते, त्यामुळे थंडी पडली की त्यांच्या घराला कुलूप लागणार होतं. जुन्या पलासियाच्या टोकाला दोनच बैठी घरं एकमेकांना लागून होती, एक साळव्यांचं, एक जगदाळ्यांचं. मध्ये कमरेएवढी भिंत.

“नाताळाच्या आधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ,” साळवे सांगू लागले. “पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चौथ्याला चार. तिन्हीसांजेला लावायच्या, कागदावर चार ओळी लिहून ठेवल्यात त्या वाचायच्या आणि विझवायच्या. आजोबांनी नगरला सुरू केलं, साठ वर्षांत खंड नाही. ग्वाल्हेरच्या सरकारी खोलीत आम्ही लावूच, पण आजोबांचं टेबल इथं. त्या खिडकीत अंधार राहिला तर मला तिकडे झोप नाही येणार.”

“त्यात काय, लावीन की.”

“आणि टेबलावर लाकडाची छोटी गव्हाण आहे. आठवड्यात हातून काही बरं घडलं असेल तर तिच्यात गवताची एक काडी टाकायची. नाताळाला येणाऱ्या बाळाचं अंथरूण होतं तेवढ्यात.” साळवे दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, “फक्त मार्थाला सांगू नका. ती म्हणते, शेजाऱ्यांना कशाला तकलीफ. वहिनींनाही नको. दोघी भिंतीवरून बोलतात, एकीला कळलं की दुसरीला कळलंच.”

प्रतापरावांनी कबूल केलं. त्यांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात घोडेस्वार होते, आणि शब्द दिला की पाळायचा हे घराण्यात चालत आलं होतं. स्वतः प्रतापराव नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नळांचे व्यास आणि टाक्यांची खोली मोजत. पणजोबांची तलवार बैठकीत टांगलेली होती. प्रतापरावांना अंधाराची भीती वाटते, हे मात्र त्या तलवारीलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या रविवारी संध्याकाळी “राजवाड्यावर जाऊन येतो” असं सांगून ते निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळसा घालून साळव्यांच्या पुढच्या दाराशी आले. आत बंद घराचा वास होता. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या, त्यामुळे चार-पाच माणसं डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्यासारखी दिसत होती. खिडकीपाशी टेबल, त्यावर पितळी ताट, ताटात मोरपंखीच्या फांद्यांचं कडं आणि कड्यात चार मेणबत्त्या. प्रतापरावांनी एक लावली, चार ओळी घाईघाईने वाचल्या. त्यांत कुणीतरी येणार असल्याचं आणि जागं राहण्याचं लिहिलं होतं. त्या खोलीत ते वाचायला नको होतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी मेणबत्ती विझवली आणि सवयीने बोटांनी मोजली. नऊ बोटं उरली होती. गव्हाणीत टाकण्याजोगं आठवड्यात काही घडलेलं आठवेना, म्हणून काडी टाकली नाही.

घरी आले तर पत्नी सुलोचनाबाई नव्हत्या. थोड्या वेळाने आल्या, “द्वारकाबाईंकडे भजन होतं” म्हणाल्या आणि पाण्याचे दोन पेले एकापाठोपाठ एक प्याल्या.

दुसऱ्या रविवारी प्रतापरावांनी कुलूप काढलं आणि दार ढकललं, तर आत जळलेल्या वातीचा वास दरवळत होता. टेबलावरच्या दोन मेणबत्त्यांच्या वाती अजून लाल होत्या. त्यांतून धुराच्या दोन बारीक रेघा सरळ वर चालल्या होत्या. नुकतंच कुणीतरी त्या फुंकल्या होत्या. प्रतापराव टेबलापाशी गेले. मग सवयीने त्यांनी मोजलं. पहिली मेणबत्ती नऊ बोटांची हवी होती, ती सहाच भरली. आणि गव्हाणीत काड्या होत्या. एक-दोन नव्हे, चांगल्या अकरा.

चादरीखालच्या एका खुर्चीने कुरकुर केली. लाकूड थंडीने कुरकुरतं हे प्रतापरावांना माहीत होतं, पण ते आठवलं रस्त्यावर आल्यावर.

त्या रात्री नवराबायको दोघंही जेवली नाहीत.

“तुमचा चेहरा असा का उतरलाय?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“ऑफिसची कटकट. आणि तुझा?”

“भजनात बसून बसून पाठ धरली.”

प्रतापरावांनी बायकोसाठी काढा केला, सुलोचनाबाईंनी नवऱ्यासाठी केला, आणि दोघांनीही समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपापला काढा तोंड वाकडं न करता संपवला.

सोमवारी प्रतापरावांना राहवलं नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर दत्तोपंत मुळ्ये बसत. ते पलासियातच राहत, आणि परलोकाविषयी त्यांना पुष्कळ माहिती होती.

“माझ्या एका ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे,” प्रतापराव म्हणाले. “बंद घर. आपोआप मेणबत्त्या पेटून राहिल्यात.”

दत्तोपंतांनी पेन खाली ठेवलं. “साळव्यांचं घर ना? दूधवाली गंगूबाई हेच सांगत होती. दोन रविवार झाले, खिडकीत उजेड. पहिल्या रविवारी तर दोनदा. एकदा पेटला, विझला, लगेच पुन्हा पेटला.”

“दोनदा?” प्रतापरावांनी विचारलं. एकदाचा उजेड त्यांचा होता. दुसऱ्याचा हिशेब त्यांच्याजवळ नव्हता.

“रविवारी एक, मग दोन. म्हणजे ते मोजतंय,” दत्तोपंत शांतपणे म्हणाले. “चार झाल्यावर काय होतं ते बघायला आपण थांबायचं नाही. माझ्या ओळखीचा देपालपूरला एक भगत आहे. येत्या रविवारी दिवेलागणीला बोलावतो. तुम्ही शेजारी आहात, तुम्ही सगळ्यांत पुढे.”

आता प्रतापरावांची पंचाईत झाली. खरं सांगावं तर साळव्यांना दिलेला शब्द मोडतो, आणि भगताने आत शिरून साळव्यांच्या आजोबांच्या टेबलावर शेंदूर फासला तर उन्हाळ्यात त्यांना तोंड काय दाखवायचं. शिवाय खरं सांगूनही अर्ध्याच उजेडाचा उलगडा होत होता. आठवडाभर त्यांनी विचार केला आणि ठरवलं की भगत यायच्या आधी जायचं, तीन मेणबत्त्या लावायच्या, विझवायच्या आणि गर्दीत येऊन उभं राहायचं. जे काय आत असेल त्याने तेवढी दहा मिनिटं सांभाळून घ्यावं.

तिसऱ्या रविवारी ऊन उतरताच ते निघाले. घरात सुलोचनाबाई नव्हत्या, म्हणजे भजन लवकर सुरू झालं असणार. साळव्यांचं दार त्यांनी आतून लोटून घेतलं आणि भिंत धरत टेबलाकडे सरकू लागले. खोलीच्या मध्यावर आले तेव्हा मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजली. मग पावलं, सावकाश, अनवाणी. दारात एक आकृती उभी राहिली. तिच्या डोक्यावरून पांढरं काहीतरी खाली लोंबत होतं.

प्रतापरावांना पणजोबांची रणगर्जना ठाऊक होती. ती करायला त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आली ती उंदीर चिरडावा तशी बारीक किंकाळी.

आकृती दचकून दाराला टेकली. मग आकृती कापऱ्या आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही काय? मागे असं तुम्ही पालीला बघून ओरडला होता.”

डोक्यावर सुलोचनाबाईंनी थंडीची शाल घेतली होती. हातात मागच्या दाराची किल्ली होती. मार्थाबाईंनी ती निघायच्या आदल्या दिवशी भिंतीवरून दिली होती आणि बजावलं होतं की आमच्या यांना कळू देऊ नका, ते म्हणतील शेजाऱ्यांना कशाला तकलीफ. आणि जगदाळ्यांनाही नको.

“म्हणजे पहिल्या रविवारी माझ्यानंतर तू आलीस,” प्रतापराव म्हणाले.

“आले तेव्हा वात गरम होती. हात लावला आणि भाजला. तशीच पळणार होते, पण मार्थाबाईंना शब्द दिला होता ना. तीच लावली, वाचलं आणि पळाले.”

“आणि गेल्या रविवारी माझ्याआधी.”

“पुढच्या दाराचं कुलूप वाजलं तसं फुंकल्या आणि मागून निघाले. मला वाटलं, ते आत येऊन राहिलंय.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“आणि तुम्हाला काय झालं होतं? दर रविवारी राजवाडा, राजवाडा. तिथून येताना कधी कचोरी तरी आणलीत का, म्हणजे मला खरं वाटलं असतं.”

“तू भजनाचं खोटं सांगितलंस. देवाच्या नावाने.”

“मी निदान देवाच्या नावाने सांगितलं.”

सगळी भीती आता रागात उतरली होती, आणि सत्तावीस वर्षांच्या संसारात साठलेलं बरंच काही तिच्याबरोबर बाहेर पडत होतं. बोलता बोलता प्रतापरावांना आठवलं. “त्या अकरा काड्या कसल्या टाकल्यास? आठवड्यात अकरा सत्कृत्यं?”

“तुम्ही माझ्यावर ओरडला आणि मी उलट बोलले नाही, तितक्या वेळा एकेक.”

“अकरा वेळा?”

“बुधवारी तीनदा.”

प्रतापराव यावर काही जबर बोलणार होते. “पुरे आता,” असं हलकेच ऐकू आलं आणि दोघंही गप्प झाली. त्या शांततेत बाहेरचा आवाज आत आला. पुष्कळ माणसांची कुजबुज, आणि मग ढोलावर पडलेली पहिली थाप. भगत वेळेआधी आला होता.

प्रतापरावांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. रस्त्यावर कंदील घेऊन तीस-चाळीस माणसं उभी होती. पुढे दत्तोपंत, त्यांच्याजवळ केस मोकळे सोडलेला भगत, आणि सगळी अशी स्तब्ध की साळव्यांच्या घरातून आलेला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला असणार.

“मागून निघू,” प्रतापराव कुजबुजले.

“आधी मेणबत्त्या,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “शब्द दिलाय.”

काडी प्रतापरावांनी ओढली आणि मेणबत्ती सुलोचनाबाईंनी धरली. खिडकीत एक ज्योत उभी राहिली. मग दुसरी, मग तिसरी. बाहेर ढोल थांबला. भगताचा आवाज दोघांनी स्पष्ट ऐकला, “इ तो म्हारा बस की बात कोनी,” आणि पाठोपाठ धावणारी पावलं. दोघांनी खाली बसून चार ओळी वाचल्या, मेणबत्त्या फुंकल्या आणि ती मागच्या दाराने बाहेर पडून, परसातून वळसा घालून गर्दीच्या मागे येऊन उभी राहिली.

“होतात कुठे तुम्ही?” दत्तोपंतांनी विचारलं. त्यांचा चेहरा भस्म फासल्यासारखा झाला होता. “सगळं हुकलं की. जोडपं आहे, प्रतापराव. नवराबायको. मेल्यावरही भांडण सुटलेलं नाही.”

“असं?” प्रतापराव म्हणाले.

“बाई फार कजाग. त्याला बोलूच देत नव्हती. कचोरीवरून काहीतरी वाद होता. बिचारा कसा नांदला असेल तिच्याबरोबर.”

सुलोचनाबाईंनी शाल जरा घट्ट ओढून घेतली. प्रतापरावांना पुष्कळ दिवसांनी इतकं बरं वाटलं होतं.

“मग ती म्हातारी मध्ये पडली म्हणून मिटलं,” दत्तोपंत म्हणाले.

“कोण म्हातारी?”

“तिसरी. ‘पुरे आता’ म्हणाली ना. म्हाताऱ्या बाईचा आवाज, अगदी खिडकीपाशी. गंगूबाईनेही ऐकला, सगळ्यांनी ऐकला. तेव्हाच तर ते दोघं गप्प झाले.”

घर अवघं वीस पावलांवर होतं, पण ती वीस पावलं दोघं एकमेकांच्या इतक्या जवळून चालली की दत्तोपंतांना नवल वाटलं असतं.

“‘पुरे’ तू म्हणालीस ना?” दारात आल्यावर प्रतापरावांनी विचारलं.

“मी कधी पुरे म्हटलंय भांडताना? मला वाटलं, तुम्ही.”

“मला तर बोलायचं होतं अजून.”

दोघं बैठकीत येऊन बसली.

तो आठवडा जगदाळ्यांच्या घरात कुणाचा आवाज चढला नाही. चढायला लागला की दोघंही भिंतीपलीकडे बघत आणि खाली आणत. पुढच्या रविवारी पलासियाच्या त्या टोकाला दिवेलागणीच्या आतच दारं लागली, रस्त्यावर चिटपाखरू राहिलं नाही. “एक चुकवला तर?” असं प्रतापरावांनी दोनदा म्हणून पाहिलं. सुलोचनाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, जसा त्या वडीलधाऱ्यांच्या घरी जाताना घेत.

ती दोघं पुढच्या दारानेच गेली. कुलूप काढायच्या आधी सुलोचनाबाईंनी दारावर बोटाने टकटक केली आणि क्षणभर थांबल्या. आत गेल्यावर चपला उंबऱ्यापाशी काढल्या. चार मेणबत्त्या लावल्या. चार ओळी प्रतापरावांनी या वेळी सावकाश वाचल्या, आणि ऐकणारं कुणी वयस्कर असेल या बेताने जरा मोठ्याने. गव्हाणीत दोघांनी एकेक काडी ठेवली; कशासाठी, ते एकमेकांना विचारलं नाही.

खिडकीपाशी चार ज्योती सरळ उभ्या होत्या. प्रतापराव फुंकर घालायला वाकले आणि तसेच थांबले.

“विझवू ना आता?” ते खोलीला उद्देशून म्हणाले.

उत्तर आलं नाही. प्रतापरावांनी बायकोकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी मानेनेच नाही म्हटलं, दोन खुर्च्यांवरच्या चादरी अलगद काढल्या, घडी करून ठेवल्या, आणि दोघं शेजारी शेजारी बसून राहिली, कुणी जा म्हणेपर्यंत.