दाताच्या बदल्यात भिंत

पेंटरचा समोरचा डावा दात पडला होता आणि सोमवारी शाळेत चित्रकला शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती. म्हणून त्याने दातांच्या डॉक्टरांशी सौदा केला: मी दवाखान्याची भिंत रंगवतो, तुम्ही दात बसवा.

"दहा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात," बायको म्हणाली. "ही नोकरी मिळेपर्यंत तरी तोंड सांभाळा."

नेमका तोच त्याचा कच्चा विषय. त्यात नुकतंच त्याच्या हाती जपानी वळणाच्या, डोकं गरगरवणाऱ्या रंगांच्या पोस्टरांचं पुस्तक आलेलं. दोन पानं वाचून गडी जाणकार झाला. भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात त्याने नारिंगी, जांभळी, पोपटी लाट काढली, तिच्यात तीन डोळ्यांचा मासा सोडला आणि ब्रश धुतले.

"बाकीचं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं की. रिकामी जागा हेच खरं चित्र. दोन्ही बाजू सारख्या केल्या की चित्र मेलं. तोल ढळला की जीव येतो."

रिसेप्शनवरच्या बाईंनी त्या रिकाम्या जागेत कॅलेंडर टांगलं. पेंटरने ते काढलं आणि तेच व्याख्यान बाकावरच्या पेशंटना दिलं. गाल सुजल्यामुळे कुणाला वाद घालता येईना, त्याला वाटलं सगळ्यांना पटलं.

शनिवारी डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून हातात आरसा दिला. "उजवीकडे दात, डावीकडे रिकामी जागा. तोल कसा छान ढळलाय. यात दात घालून मी चित्र मारू?"

"डॉक्टर, तोंडाची गोष्ट वेगळी."

"कशी?"

पेंटरने आरसा पालथा ठेवला. आपलं तत्त्व फक्त दुसऱ्याच्या भिंतीपुरतं आहे, हे कळून त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण मुलांसमोर बोळकं घेऊन उभं राहण्याची लाज मोठी होती. रविवारी त्याने डावीकडे तश्शीच लाट काढली, मध्ये सूर्य बसवला आणि अकरा मासे सोडले. बोट ठेवायला जागा उरली नाही. संध्याकाळी दात बसला. बायकोने बॅटरी मारून तपासला आणि पास केला.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई गालाला हात लावून बसल्या होत्या.

"शुक्रवारी डॉक्टरांकडे एक भिंत पाहिली," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात लाट, बाकी नुसती मोकळी. दाढ ठणकत होती, पण त्या मोकळ्या जागेकडे बघत तासभर शांत बसले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही काढलीत."

"मीच," पेंटर सगळे दात दाखवत म्हणाला.

"आज सकाळी गेले, तर कुणा गाढवाने ती पार भरून टाकलेली. ओळखता त्याला?"

पेंटरने नव्या दातावरून जीभ फिरवली. दात पक्का बसला होता.

"ओळखतो. रोज दाढी करताना भेटतो."

बाईंना हसू आलं आणि त्यासरशी दाढेत कळही आली. "उद्यापासून या," गाल दाबत त्या म्हणाल्या. "फक्त शाळेच्या भिंतींना हात लावायचा नाही."